ग्रीअर्सनचा तारा कुणी अडवला?

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात अमेरिकन यादवी युद्धातल्या घोडदळावर चर्चा रंगली. शेरिडन झाला, स्टुअर्ट झाला, फॉरेस्ट झाला, कस्टरवर तर अर्धा तास गेला. मग मी बेंजामिन ग्रीअर्सनचं नाव काढलं. गटातले एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांची स्वतःची हयात सैन्यात गेली आहे, त्यांनी ते तिथल्या तिथे निकालात काढलं. ‘गाणं-बजावणं शिकवणारा माणूस. एक धाड नशिबाने साधली. पुढे चोवीस वर्षं कर्नलचा कर्नलच राहिला. लष्कर उगीच कुणाची बढती अडवत नाही.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुन्हा कस्टरवर गेला.

त्या सदस्यांबद्दल मला आदर आहे. त्यांचं म्हणणं मात्र सपशेल चुकीचं आहे, आणि त्या संध्याकाळी मला ते नीट खोडता आलं नाही याची रुखरुख अजून जात नाही. हे मत त्यांचं एकट्याचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण ग्रीअर्सनच्या हयातीत त्याच्या वरिष्ठांनी जे मत करून घेतलं, तेच दीडशे वर्षं हातोहात पुढे चालत आलं आहे.

गाण्या-बजावण्यापासूनच सुरुवात करतो, कारण या माणसाकडे खालच्या नजरेने बघायला तिथूनच सुरुवात होते. ग्रीअर्सनचा जन्म १८२६ मधला, पिट्सबर्गचा; आईवडील आयर्लंडहून आलेले. आठ वर्षांचा असताना घोड्याची लाथ थेट तोंडावर बसली. गाल फाटला, डोळ्यांपुढे कित्येक आठवडे अंधार होता, आणि चेहऱ्यावरचा व्रण पुढे दाढीखाली झाकून ठेवावा लागला. मोठेपणी तो इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिल गावात मुलांना वाद्यं शिकवू लागला, बँड चालवू लागला. मग दुकानदारीत पडला आणि तिथे बुडाला. १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटलं तेव्हा तो पस्तिशीचा होता, कर्जात होता, आणि त्याला पायदळात जायचं होतं. नेमणूक झाली घोडदळात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा उंबरठा त्याने कधी ओलांडला नव्हता.

हे सगळं खरं आहे. पण यातून त्याची लायकी कमी कशी ठरते? पंधरा-वीस वादकांना एका तालात ठेवणं, प्रत्येकाने केव्हा वाजवायचं आणि केव्हा थांबायचं हे डोक्यात पक्कं असणं, एकाला पुढे काढून दुसऱ्याला मागे ठेवणं, ही ज्याची रोजची सवय होती त्याने १८६३ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीत काय केलं ते बघा.

तेव्हा उत्तरेचा सेनापती ग्रँट याला व्हिक्सबर्ग घ्यायचं होतं. मिसिसिपी नदीवरचं ते ठाणं दक्षिणेच्या ताब्यात होतं आणि समोरून ते पडत नव्हतं. ग्रँटने नदी खालच्या बाजूने ओलांडायचं ठरवलं. तोवर शत्रूचं लक्ष दुसरीकडे गुंतवणं भाग होतं. १७ एप्रिलला ग्रीअर्सन टेनेसीतल्या ला ग्रेंजहून १,७०० स्वार घेऊन निघाला: सहावी आणि सातवी इलिनॉय, दुसरी आयोवा आणि काही छोट्या तोफा. त्याच्यापाशी खिशात मावणारं होकायंत्र होतं, मिसिसिपीचा छापील नकाशा होता आणि एक मोरचंग होतं.

चौथ्या दिवशी त्याने आजारी आणि थकलेली १७५ माणसं परत धाडली. कैदी आणि एक तोफही त्यांच्याबरोबर दिली. रात्रीच्या अंधारात ही तुकडी अशा रीतीने माघारी गेली की सकाळी वाटेवरचे माग बघणाऱ्याला सगळी फौजच परतली असं वाटावं. दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, त्याने कर्नल एडवर्ड हॅचला दुसरी आयोवा घेऊन पूर्वेकडे वळायला सांगितलं. या वळणापाशी मला थोडं थांबायचं आहे. हॅचच्या काही स्वारांनी ग्रीअर्सनच्या मागे थोडं अंतर जाऊन त्याच वाटेने उलट दौड केली आणि दक्षिणेकडे गेलेल्या टापा आपल्या टापांखाली पुसून टाकल्या. हॅचजवळ तोफ होती एकच. ती त्याच्या माणसांनी रस्त्यात चार निरनिराळ्या जागी गोल फिरवली, चार तोफा इथून वळल्या असं मागावरच्या माणसाने समजावं म्हणून. मागावर होता दक्षिणेचा अधिकारी बार्टो. त्याने चिखलातल्या त्या चाकोऱ्या वाचल्या, तो हॅचच्या मागे लागला, आणि ग्रीअर्सनची पाठ मोकळी झाली.

हे नशीब नव्हे. नशिबाला तोफ चार वेळा फिरवायला सुचत नाही.

पुढचंही तसंच. सार्जंट रिचर्ड सर्बीच्या हाताखालचे मूठभर स्वार दक्षिणेच्या सैनिकांचे मळखाऊ कपडे घालून फौजेच्या पुढे चालत. पकडले गेले असते तर हेर म्हणून फासावरच चढले असते. कॅप्टन हेन्री फोर्ब्सला ग्रीअर्सनने अवघ्या एका तुकडीनिशी दुसऱ्याच एका लोहमार्गाकडे हूल द्यायला पाठवलं. फोर्ब्सने एंटरप्राइझ गावी पांढरं निशाण पाठवून तिथल्या भरभक्कम शिबंदीला शरण यायला फर्मावलं, आणि ती शिबंदी विचार करत बसली तोवर तो निसटला. २४ तारखेला ग्रीअर्सनची आघाडी न्यूटन स्टेशनात घुसली. व्हिक्सबर्गला रसद पोचवणारा लोहमार्ग इथूनच जात होता. दोन गाड्या धरल्या, इंजिनं उडवून दिली, डबे जाळले, रूळ उखडले, तारा तोडल्या. त्यानंतर परत उत्तरेकडे जाण्याऐवजी त्याने दक्षिणेची वाट धरली आणि २ मे रोजी लुइझियानात बॅटन रूजला आपल्या सैन्याच्या हद्दीत पाऊल ठेवलं. १६ दिवसांत सुमारे ६०० मैल, म्हणजे साडेनऊशे किलोमीटरच्या वर. त्याच्या बाजूचे ठार ३, जखमी ७, बेपत्ता ९, आणि आजारी म्हणून वाटेत सोडावे लागलेले ५. तिकडे व्हिक्सबर्गचा सेनापती पेंबरटन आपल्याकडे होतं नव्हतं ते घोडदळ ग्रीअर्सनच्या मागे पळवत होता. ग्रँट ज्या किनाऱ्यावर उतरणार होता त्या भागातली वर्ट ॲडम्सची पलटणसुद्धा त्याने काढून घेतली. ३० एप्रिलला ग्रँटचं सैन्य ब्रुइन्सबर्गला नदी ओलांडून उतरलं, तेव्हा किनाऱ्यावर अडवायला कुणी नव्हतं.

नशिबाचीच भाषा करायची तर त्याच आठवड्यांतल्या आणखी दोन मोहिमा शेजारी ठेवाव्या लागतील. कर्नल ॲबेल स्ट्राइट अलाबामातून घुसला होता. त्याच्या माणसांना घोड्यांऐवजी खेचरं मिळाली होती. दक्षिणेच्या फॉरेस्टने त्याला दिवसरात्र पिटाळलं आणि ३ मे रोजी स्ट्राइट आपल्याहून कितीतरी लहान फौजेपुढे सगळ्या माणसांनिशी शरण गेला. व्हर्जिनियात जनरल स्टोनमनकडे जवळजवळ दहा हजार स्वार होते. तो दक्षिणेचा सेनापती ली याच्या पाठीमागे फिरत राहिला, त्याने मोडलेलं पुन्हा उभं राहिलं, आणि चान्सलर्सव्हिलच्या लढाईत उत्तरेचा सेनापती हूकर याला घोडदळाची गरज होती तेव्हा ते जागेवर नव्हतं. हंगाम एक, सैन्य एक, धाडी तीन. त्यांतली एक साधली ती केवळ दैवाने, असं म्हणायला धाडस लागतं.

आणि दैव दुसऱ्यांदाही त्याच दारी कसं आलं? १८६४ च्या जूनमध्ये ब्राइसेस क्रॉसरोड्सला फॉरेस्टने उत्तरेच्या सैन्याची दाणादाण उडवली. घोडदळ ग्रीअर्सनचं होतं. हा पराभव त्याच्याही वहीत मांडला पाहिजे, मी तो लपवत नाही. सूत्रं मात्र जनरल स्टर्जिसच्या हाती होती, आणि जूनच्या उन्हात पायदळाला पळवत आणून धापा टाकतच लढाईत लोटलं ते त्याच्याच हुकमाने. त्याच डिसेंबरात ग्रीअर्सन मेम्फिसहून ३,५०० स्वारांनिशी पुन्हा मिसिसिपीत शिरला. व्हेरोना स्टेशनात दक्षिणेच्या हूडच्या सैन्यासाठी भरून ठेवलेली रसद त्याने जाळली. तिथे उभ्या असलेल्या गाड्यांत फॉरेस्टने जूनमध्ये स्टर्जिसकडून लुटलेल्या गाड्याही होत्या. जानेवारीच्या सुरुवातीला तो व्हिक्सबर्गला पोचला. हे आमच्या चर्चेत कुणीच काढलं नाही. काढलं असतं तर ‘एक धाड’ हे शब्द टिकलेच नसते.

१९५९ मध्ये जॉन फोर्डने पहिल्या धाडीवर ‘द हॉर्स सोल्जर्स’ काढला. त्यात जॉन वेनचा कर्नल नागरी आयुष्यात रेल्वेचा इंजिनिअर असतो. पडद्यावरच्या कर्नलने वाद्यं शिकवलेली चालली नसती. मला तर खऱ्या ग्रीअर्सनचं एक चित्र त्या चित्रपटाहून मोठं वाटतं. बॅटन रूज चार मैलांवर आलं आहे. माणसं खोगिरावरून खाली सरकताहेत आणि पडल्या जागी झोपताहेत. जवळच्या मळ्यातल्या घरात ग्रीअर्सन शिरतो, दिवाणखान्यात पियानो दिसतो, आणि तो वाजवायला बसतो. घरातली माणसं थक्क होऊन बघत राहतात. त्याने स्वतःच पुढे सांगितलं की आपल्याला झोप लागू नये म्हणून तो वाजवत होता. अख्खी फौज झोपलेली असताना जागं कुणीतरी राहायलाच हवं होतं.

आता बढतीकडे वळतो. माझ्या रागाचं खरं कारण तिथे आहे.

युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये, अमेरिकेच्या कायम सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांच्या दोन घोडदळ पलटणी उभ्या करायचं ठरलं. नववी एडवर्ड हॅचला मिळाली आणि दहावी ग्रीअर्सनला. सैनिक काळे आणि अधिकारी गोरे, अशी रचना होती. अशा पलटणीत जाणं म्हणजे आपल्या कारकिर्दीवर पाणी सोडणं, असं मानणारे अधिकारी तेव्हा कमी नव्हते. ग्रीअर्सन गेला. लेवनवर्थच्या ठाण्यावर पलटणीची जमवाजमव सुरू झाली. तिथल्या प्रमुख अधिकाऱ्याने, कर्नल हॉफमनने, या नव्या सैनिकांना तंबू ठोकायला खोलगट, दलदलीची जागा दिली. माणसं आजारी पडू लागली. परेडवर त्यांनी गोऱ्या पलटणींपासून अंतर राखून उभं राहावं असा हुकूम निघाला. ग्रीअर्सन भांडला, अर्जांवर अर्ज केले, तोंडावर बोलला. आपल्या अधिकाऱ्यांना त्याने सांगून ठेवलं की कागदपत्रांत ‘रंगीत’ हा शब्द लिहायचा नाही; अमेरिकेच्या सैन्यातली दहावी घोडदळ पलटण, एवढंच लिहायचं. चांगलेच रंगरूट हवेत म्हणून तो अडून बसला आणि त्यामुळे भरती रेंगाळली, असा ठपकाही त्याच्यावर आला. पलटणीला घेऊन तो फोर्ट रायलीला हलला तेव्हा कुठे तिला नीट श्वास घेता आला.

बढती अडण्याचं दुसरं कारण म्हणजे त्याचा वरिष्ठ शेरिडन. मैदानी प्रदेशातल्या मूळनिवासींशी कसं वागायचं याचं शेरिडनचं सूत्र सरळ होतं: कडाक्याच्या थंडीत गावं गाठायची, घरं आणि घोडे नष्ट करायचे, हातपाय गारठले की माणसं शरण येतात. १८६८ मध्ये वॉशिटा नदीवर कस्टरने तेच केलं आणि तो साहेबांच्या गळ्यातला ताईत झाला. ग्रीअर्सन फोर्ट सिलला होता. त्याने तिथल्या क्वेकर पंथीय सरकारी एजंटाशी, लॉरी टेटमशी, जुळवून घेतलं. रेशन वेळेवर पोचलं, दिलेला शब्द पाळला तर निम्मी भांडणं होणारच नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. यावरून त्याला मऊ म्हटलं गेलं. आमच्या गटातही हा शब्द आलाच.

मऊ माणूस बघायचा असेल तर २७ मे १८७१ चा दिवस बघा. टेक्सासमध्ये कायोवा जमातीच्या लोकांनी मालगाड्यांच्या तांड्यावर हल्ला करून सात गाडीवान मारले होते. त्यांचा पुढारी सटांटा याने ते आपलंच काम म्हणून एजंटासमोर कबूल केलं. खुद्द सरसेनापती शर्मन फोर्ट सिलला आला होता. ग्रीअर्सनच्या घराच्या ओसरीवर कायोवा पुढाऱ्यांना बोलावलं गेलं, आणि शर्मनने अटकेचा हुकूम देताच बंद खिडक्यांची झापं उघडून आतून बंदुका बाहेर आल्या. लोन वुल्फने आपली बंदूक शर्मनवर रोखली. ग्रीअर्सनने त्याच्यावर झडप घातली आणि दोघेही जमिनीवर कोसळले. ओसरीवर तेव्हा एक गोळी सुटली असती तर किती मेले असते याचा हिशेब करवत नाही. ज्याने ती सुटू दिली नाही, त्याच्या अंगावर ‘मऊ’ हे लेबल चिकटलं.

नंतर त्याची रवानगी पश्चिम टेक्सासला, फोर्ट कॉन्चोला झाली. तिथेच १८७८ मध्ये त्याची तेरा वर्षांची मुलगी एडिथ टायफॉइडने गेली. तो प्रदेश म्हणजे उन्हाने रापलेला माळ, ज्यात पाण्याची ठिकाणं बोटावर मोजण्याएवढी. दहाव्या पलटणीच्या एका तुकडीने १८७७ च्या जुलैमध्ये या माळावर पाण्याविना ८६ तास काढले होते आणि त्यात तिचे चार सैनिक मेले होते. तहान काय असते हे या पलटणीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

१८८० मध्ये अपाचींचा पुढारी व्हिक्टोरिओ सीमेच्या दोन्ही बाजूंना झुंजत होता. न्यू मेक्सिकोत हॅच आणि त्याची नववी पलटण महिनोन्‌महिने त्याचा माग काढून थकली होती. ग्रीअर्सनला वरून सुचवलं गेलं की तूही न्यू मेक्सिकोत जा. त्याने उलट सुचवलं: मागे धावायचं नाही, पाण्यावर बसायचं. एकेका झऱ्यावर, एकेका घाटाच्या तोंडावर त्याने तुकड्या बसवल्या. ३० जुलैला तिनाहा दे लास पाल्मास या जागी तो स्वतःच सापडला. तिनाहा म्हणजे खडकात पावसाचं पाणी साठतं ती जागा, आपल्या डोंगरांवरच्या टाक्यासारखी. हाताशी दोन डझन माणसं होती की नव्हती, त्यात त्याचा मुलगा रॉबर्ट. समोर शंभराहून अधिक लढवय्ये. त्याने टेकाडावर दगडांचे आडोसे रचून घेतले आणि कुमक येईपर्यंत काही तास ते टाकं सोडलं नाही. व्हिक्टोरिओला पाणी न घेता वळावं लागलं. तो दुसऱ्या बाजूने उत्तरेकडे निघाला, तेव्हा ग्रीअर्सनने २१ तासांत ६५ मैलांची दौड करून रॅटलस्नेक स्प्रिंग्ज त्याच्याआधी गाठलं. ६ ऑगस्टला तिथेही तेच झालं. व्हिक्टोरिओ मेक्सिकोत परतला, आणि ऑक्टोबरात त्रेस कास्तीयोसला मेक्सिकन सैन्याने त्याला त्याच्या सत्तरहून अधिक माणसांसह मारलं.

इथे मी ग्रीअर्सनचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही. व्हिक्टोरिओ वेडापायी लढत नव्हता. त्याच्या लोकांना त्यांच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांपासून तोडून सॅन कार्लोसच्या नापीक राखीव भूमीत कोंबायचा घाट सरकारने घातला होता. तहानलेल्या बायकामुलांचं पाणी अडवून लढाई जिंकणं हे शेवटी त्याच अन्यायाचं हत्यार होतं, आणि ते ग्रीअर्सनने चालवलं. त्याला संत करणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पण प्रश्न सेनापती म्हणून त्याच्या कर्तृत्वाचा असेल, आणि आमच्या गटात तो तोच होता, तर या मोहिमेनंतर त्याच्या खांद्यावर तारा चढायला काय कमी होतं?

त्याच वर्षी, १८८० च्या डिसेंबरात, नेल्सन माइल्स ब्रिगेडिअर जनरल झाला. माइल्सही वेस्ट पॉइंटचा नव्हता, म्हणजे ती सबब उरत नाही. १८८२ मध्ये रॅनल्ड मॅकेन्झी झाला, जो ग्रीअर्सननंतर कर्नल झालेला. दोघेही कर्तबगार, यात वाद नाही. दोघांच्याही हाती, त्यांची नावं गाजली त्या काळात, गोऱ्या पलटणी होत्या.

ग्रीअर्सन मात्र आपल्या पलटणीच्या पायरीवरून हलला नाही. वेस्ट पॉइंटमधून पदवी घेतलेला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, लेफ्टनंट हेन्री फ्लिपर, त्याच्याच दहाव्या पलटणीत होता. १८८१ मध्ये फोर्ट डेव्हिसला कर्नल शॅफ्टरने त्याच्यावर अफरातफरीचा आरोप ठेवून कोर्ट मार्शल बसवलं. वरच्यांची हवा कुठे वाहतेय हे सगळ्यांना कळत होतं. ग्रीअर्सनने फ्लिपरच्या वर्तनाबद्दल चांगलं लेखी मत दिलं. अफरातफर सिद्ध झाली नाही, तरी अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन म्हणून १८८२ मध्ये फ्लिपरला काढून टाकलं. त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती १९९९ मध्ये. ज्या लष्कराने फ्लिपरला ११७ वर्षं ताटकळत ठेवलं, ते ‘उगीच कुणाची बढती अडवत नाही’ असं मला कुणी सांगू नये.

ग्रीअर्सनला ब्रिगेडिअर जनरलचा तारा मिळाला ५ एप्रिल १८९० रोजी. ८ जुलैला, चौसष्टाव्या वाढदिवशी, तो निवृत्त झाला. तीन महिने तीन दिवस. एडवर्ड हॅचला तेवढेही मिळाले नाहीत. कृष्णवर्णीय सैनिकांची नववी पलटण तेवीस वर्षं सांभाळून, १८८९ च्या एप्रिलमध्ये फोर्ट रॉबिन्सनला गाडीच्या अपघातानंतर तो गेला, तेव्हा तो कर्नलच होता. मिसिसिपीच्या चिखलात एकुलती एक तोफ चार वेळा फिरवून ग्रीअर्सनला पुढे जाऊ देणारा हॅच तो हाच.